दोन फरश्यांचा एक कोपरा

नव्या घराची वास्तुशांत झाली की पाहुणे आधी हॉल बघतात, मग स्वयंपाकघर, मग देवघर. फरशीच्या रंगाचं, चकाकीचं कौतुक होतं, भाव विचारला जातो. जिन्याच्या पायरीची कड वाकून बघणारा पाहुणा विरळा. फरशीचं काम करणारा मिस्त्री मात्र दुसऱ्याच्या घरी गेला की पहिल्यांदा तिथेच बघतो. आडवी फरशी आणि उभी फरशी जिथे भेटतात त्या कडेवरून तो बोट फिरवतो. घरमालकानं पैसा किती ओतला, हे त्याला हॉलमध्ये कळतं. काम कोणी आणि किती मन लावून केलं, ते त्या बोटाला कळतं.

आजची ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची फरशी साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाडीची असते. तिचा दर्शनी भाग कारखान्यातून चकाकून येतो, कड मात्र कच्ची, करवतीचे ओरखडे असलेली. पायरी, ओटा, खिडकीची चौकट, खांब, देव्हाऱ्याचा कट्टा, कुठेही दगड वळवायचा झाला की ही कच्ची कड डोळ्यासमोर येते. मग एक तर एक फरशी दुसरीवर चढवायची आणि दिसणारी कड घासून पॉलिश करायची, किंवा तिला गोलाई द्यायची. तिसरा मार्ग पंचेचाळीसचा. दोन्ही फरश्यांच्या कडा आतून तिरप्या कापायच्या आणि टोकाला टोक भिडवायचं. जाडी नाहीशी होते आणि डोळ्याला अखंड दगडाचा ठोकळाच दिसतो. कामावर याला ‘पंचेचाळीस मारणं’ म्हणतात, कोणी मायटर म्हणतात. काम चांगलं झालं तर फरशीवरची रेघ आडव्या अंगावरून उभ्या अंगावर न तुटता उतरते. या जोडासाठी जिवाचा आटापिटा करायचं खरं कारण तेच आहे.

यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात आज या कामाला तोटा नाही. एमआयडीसी आणि रेमंडचा डेनिम कारखाना यांमुळे जिल्ह्याबाहेरच्यांनाही हे नाव ठाऊक आहे. शहराची हद्द वाढली तेव्हा वाघापूर, वडगाव, उमरसरा, भोसा यांच्याबरोबर लोहाराही नगरपरिषदेत आलं. शेतांचे ले-आउट पडले, प्लॉटांवर घरं उठली. सकाळी कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तरी ग्राइंडरचा आवाज कानावर येतो. आणि याच लोहाऱ्यात कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. दगडाचा कोपरा समजून घ्यायचा असेल तर आधी देवळाकडे आणि मग नव्या बंगल्यांकडे जावं, असं माझं मत आहे.

हेमाडपंती बांधकामाला नाव मिळालं ते हेमाद्रीपंडितावरून. १३व्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारी तो मोठा अधिकारी होता. ही रीत मात्र त्याच्याही आधीपासूनची. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांवर आणि एकमेकांत असे बसवायचे की वजनानंच ते जागेवर राहतील. या कामात सांध्याला लपायला जागा नसते. दगडाची बैठक सपाट नसेल तर तो डुगडुगणार, आणि वरचे थर त्याला फोडणार. पाथरवटांनी कोपऱ्याचा प्रश्न सोडवला तो दगडाच्या जोरावर. कोपऱ्याला एकच भरीव दगड ठेवायचा, त्याची दोन्ही अंगं घडवायची, आणि सांधा कोपऱ्यापासून आत, भिंतीच्या पोटात सरकवायचा. खालच्या थरात दगडाची लांब बाजू एका भिंतीकडे असेल, तर वरच्या थरात ती दुसऱ्या भिंतीकडे. सगळ्या घडीव दगडी बांधकामाचा हा पाया आहे. कोपरा मार खातो, ऊन-पाऊस दोन्ही बाजूंनी खातो, म्हणून तिथे सांधा येऊच द्यायचा नाही.

आपण आज नेमकं उलट करतो. भिंत विटांची, वर दगडाचं पातळ पांघरूण, आणि सांधा थेट कोपऱ्याच्या टोकावर. जिथे दगड सगळ्यांत जाड असायचा तिथे तो कागदासारख्या धारेवर आणून ठेवतो. पंचेचाळीसचं काम अवघड का, याचं उत्तर इथे आहे. जुन्या कारागिरानं दगडाच्या वजनावर सोपवलेलं काम नव्या कारागिराला हाताच्या नेमकेपणावर पेलावं लागतं.

बरं, हा पातळ दगड यवतमाळचा नसतोच. यवतमाळ शहर दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेलं आहे. खदानी आहेत, क्रशर आहेत, गिट्टी हवी तितकी. पण हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा; तो थंड होताना आकसला, तेव्हा त्याला भेगा पडल्या. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीच्या बाजूला सापडलेले कातळाचे कोनदार खांब ही त्याच आकसण्याची देखणी खूण. शिवाय कातळात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले. अशा दगडातून देवळाचा ठोकळा निघतो, जातं निघतं, पाटा-वरवंटा निघतो. सहा फुटांचा निर्दोष पातळ फळा काढणं कठीण. म्हणून फरशी बाहेरून येते. काळा चुनखडीचा कडप्पा आंध्रातून, शहाबादी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादेकडून, तांदूर तेलंगणातून, कोटा राजस्थानातल्या रामगंजमंडीकडून. तपकिरी ठिपक्यांचा टॅन ब्राउन ग्रॅनाइट करीमनगरचा, चांदणं शिंपडल्यासारखा ब्लॅक गॅलेक्सी प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा. पांढरा संगमरवर मकराण्याचा किंवा राजनगरचा.

हे सगळे दगड दुकानात एका रांगेत उभे असतात. कोपऱ्यावर आले की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. शहाबादी आणि कोटा हे थराथरांनी साचलेले. तिरपा काप घेतला की ते थर उघडे पडतात, आणि धार जितकी बारीक तितका वरचा थर पापुद्र्यासारखा सुटण्याचं भय. त्यांना पंचेचाळीस मारू नये, गोलाई द्यावी, असं जाणते मिस्त्री सरळ सांगतात. ग्रॅनाइट निरनिराळ्या स्फटिकांचा बनलेला. धारेवर नेमका मोठा स्फटिक आला की तो अख्खा उखडतो आणि तिथे खड्डा पडतो. संगमरवर मऊ, कापायला सोपा, पण त्यातल्या शिरा म्हणजे मुळातच भरून आलेल्या भेगा, आणि तो त्या शिरेवर दगा देतो.

काम सुरू होतं ते कापण्याच्या पुष्कळ आधी. पायरी आणि तिचा रायझर, म्हणजे खालची उभी फरशी, एकाच फळ्यातून, शेजारशेजारच्या पट्ट्यांतून काढावे लागतात, तरच रेघ वळते. मग भिंत तपासायची. भिंतीला काटकोन बघायचा गुण्या लावला आणि फटीतून उजेड दिसला, की मिस्त्री मालकाला हाक मारतो. मालक शाळामास्तर असेल तर संवाद साधारण असा होतो:

“सर, भिंत गुण्यात नाही ना.”

“किती आहे फरक?”

“दोन सूत खाते. आधी प्लास्टर सुधारा लागते. नाही तं कोपऱ्यावर फट दिसन, अन् नाव आमचं खराब होईन.”

दोन सूत म्हणजे पाव इंच. गवंड्यानं प्लास्टरमध्ये सोडलेला हा फरक चुन्या-रंगात कोणाला दिसला नसता, दगडात लपत नाही. इथलं गणित साधं आणि निष्ठुर आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या फरशीची कड ४५ अंशांत कापली की कापलेलं अंग साडेपंचवीस मिलिमीटर रुंद होतं. दोन्ही फरश्यांच्या कडेचा कोन एकेका अंशानं जास्त राहिला, ४५ऐवजी ४६ झाला, तर दोन्ही फरश्या मागच्या बाजूनं आधी भिडतात आणि दर्शनी टोकाला जवळजवळ एक मिलिमीटरची फट पडते. एक मिलिमीटर म्हणजे काळ्या ग्रॅनाइटवर दुरून दिसणारी पांढरी रेघ. म्हणून अनुभवी हात मुद्दाम उलट बाजूला चुकतो. कडेचा कोन ४४, कधी ४३ वर उतरवतो. दर्शनी टोकं आधी भेटतात, मागे पाचरीसारखी पोकळी राहते, आणि ती एपॉक्सीला, म्हणजे दगड चिकटवायच्या मसाल्याला, धरून ठेवते. ४५ हा आकडा नावापुरता. चांगला जोड त्याच्या किंचित अलीकडे बसतो.

आता काप. रेघेवर आधी कागदी चिकटपट्टी लावतात, तिच्यावर खूण. पट्टीमुळे रेघ ओल्यातही दिसते आणि वरची चकाकी थोडी धरून राहते. मार्बल कटरचा तळ तिरपा करून घट्ट आवळतात, ॲल्युमिनियमची सरळ पट्टी फरशीला क्लॅम्प करतात, आणि कटर तिला टेकवून चालवतात. चकती सलग कडेची हवी. खाचांची चकती भराभर कापते आणि भराभर टवके उडवते. कटरमध्ये चकतीची धार खालून वर येत फिरते, म्हणून टवका उडतो तो वरच्या अंगाचा. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या फेरीत दोनच मिलिमीटर खोल खाच पाडायची, मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पूर्ण खोली गाठायची. आणि चकती दर्शनी टोकापर्यंत न्यायची नाही. टोकाला एक मिलिमीटर जाडी उभी सोडायची. नवशिका इथेच फसतो. त्याला वाटतं धार जितकी पातळ तितका जोड सुंदर. पण सुरीसारखी धार काढलेला दगड उचलतानाच झडतो. ती सोडलेली एक मिलिमीटर दगडाला जीव देते. जोडल्यावर तिच्यामुळे राहिलेली बारीक खाच रंग जुळवलेल्या एपॉक्सीनं भरता येते.

या सगळ्या वेळात शेजारी एक पोरगा बसलेला असतो. हातात प्लास्टिकची बाटली, बुचाला खिळ्यानं पाडलेलं भोक. तो चकतीच्या पुढ्यात पाण्याची बारीक धार धरतो. मिस्त्रीचं लक्ष रेघेवर असतं, पण धार थांबली की आवाज बदलतो, आणि मान न वळवता तो म्हणतो, “पाणी तोडू नको, बाबू.” पाण्यानं चकती थंड राहते, चकतीवरचे हिऱ्याचे कण लवकर झिजत नाहीत, दगड तापून तडकत नाही. कापलेली भुकटी चिखल होऊन खाली बसते. शेवटच्या गोष्टीकडे मी परत येणार आहे, कारण या लेखातलं माझं खरं गाऱ्हाणं तिथे आहे.

जोडताना दोन्ही कडा धुऊन पूर्ण वाळवतात. ओल्या दगडाला एपॉक्सी धरत नाही. ठेकेदार तिच्याऐवजी स्वस्तातलं चिकटवायचं मॅस्टिक आणतात; ते घरात ठीक, उन्हात पिवळं पडतं. एपॉक्सीत त्याच दगडाची भुकटी आणि थोडा रंग मिसळतात, फरश्या भिडवतात, चिकटपट्ट्या आडव्या ताणून लावतात, मागच्या कोनात दगडाची एक पट्टी चिकटवून आधार देतात. विदर्भाचा उन्हाळा इथे आडवा येतो. डब्यावर लिहिलेली मिनिटं थंड हवेतली असतात. मे महिन्यात यवतमाळात मिसळलेली एपॉक्सी त्याहून कितीतरी आधी घट्ट होते, म्हणून थोडी थोडी मिसळायची आणि जोडाची कामं सकाळीच उरकायची. सांधा पक्का झाल्यावर शेवटी टोकावर हलका हात मारून मिलिमीटरभर धार मोडतात. मग पाणी सोडत हिऱ्याचे पॅड, ५०पासून सुरुवात करून १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. मधला एक नंबर गाळला तर आधीच्या नंबरचे ओरखडे चकाकीखाली तसेच राहतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात उठून दिसतात.

हे सगळं जमलं तरी पंचेचाळीस सगळीकडे नको. दारापुढच्या पायऱ्यांना तो हट्ट धरणारे मालक मला पटत नाहीत. तिथे चपला घासतात, सायकल चढते, सिलिंडर आपटतो. शिवाय ऊन. ग्रॅनाइटची तीन मीटरची पट्टी तीस अंशांच्या फरकानं पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांबते. दुपारी तापून पसरायचं आणि रात्री आकसायचं, असं रोज चाललं की बाहेरचा घट्ट सांधा उघडतो. पायरीला जाड कड आणि गोलाई, ओट्याला गोलाई; पंचेचाळीस देव्हाऱ्याला, खांबाला, खिडकीच्या चौकटीला. नजर जाते तिथे तो द्यावा, पाय जातो तिथे देऊ नये.

आता पाणी आणि भुकटी. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिश्श्यापासून पुढे गारेचा, म्हणजे स्फटिकी सिलिकाचा अंश असतो. वालुकाश्मात त्याहून पुष्कळ जास्त. हल्ली ओट्यासाठी कारखान्यात तयार होणारा क्वार्ट्झ घेतात, त्यात तर नव्वद टक्क्यांच्या वर. संगमरवरात तो फार थोडा. कोरड्या कापात या गारेचे जे कण उडतात, त्यांतले डोळ्याला न दिसणारे सगळ्यांत वाईट. ते तासन् तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे व्रण धरतो, श्वास आखूड होतो. हा सिलिकोसिस. त्याला बरं करणारं औषध नाही, आणि तो क्षयरोगाला वाट मोकळी करून देतो. १९४८च्या कारखाना कायद्यानं हा आजार सरकारला कळवणं बंधनकारक केलं, पण गल्लीतलं अर्धवट घर हा कारखाना नव्हे. राजस्थाननं २०१९ साली खाणकाम-दगडकामातल्या अशा रुग्णांसाठी वेगळं धोरण आणलं. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून कारखानी क्वार्ट्झच्या फळ्यांवर बंदीच घातली, कारण ते कापणारी तरुण माणसं आजारी पडू लागली होती.

आपल्याकडे काय होतं, ते कुठल्याही चालू कामावर बघा. रंग होऊन गेलेला असतो, फर्निचर आलेलं असतं, आणि मालक म्हणतो, घरात चिखल करू नका. मिस्त्री बाटली बाजूला ठेवतो आणि कोरडा ग्राइंडर चालवतो. खोलीभर पांढरा धूर होतो. तोंडाला रुमाल, तो या कणांना अडवत नाही. संध्याकाळी रेजा, म्हणजे मजूरबाई, कोरड्या झाडूनं तीच भुकटी पुन्हा हवेत उडवते, आणि तिच्या तोंडाला फक्त पदर असतो. घरमालकाला मी दुष्ट म्हणत नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पण कोरड्या कापात टवकेही जास्त उडतात, दगडही तापतो, धारही झडते. जो जोड मालकाला हवा आहे तो पाण्याशिवाय येत नाही, आणि मिस्त्रीचं फुप्फुसही पाण्याशिवाय वाचत नाही. मागणी दोघांची एकच आहे, हे ज्या घरात कळतं तिथे काम चांगलं होतं.

यवतमाळात पाण्याचं नाव काढताना जपावं लागतं. निळोणा आणि चापडोह या धरणांवर जगणाऱ्या या शहरानं २०१८चा उन्हाळा काढला आहे. टँकरमागे धावणारी माणसं आणि कूपनलिकांवरच्या रांगा कोणी विसरलेलं नाही. पण कटरवरची बाटली म्हणजे बांधकामावर फुकट वाहणाऱ्या पाण्याचा किरकोळ हिस्सा. क्युरिंगचं ओघळणारं पाणी टबात धरलं तरी ते काम भागतं, आणि चिखल निवळल्यावर वरचं पाणी पुन्हा वापरता येतं. खरा धोका विजेचा आहे. ओल्या फरशीवर, उघड्या वायरीच्या तात्पुरत्या बोर्डावरून ग्राइंडर चालवायचा, म्हणजे करंट लागण्याची तयारीच. त्या बोर्डावर करंट गळताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवून देणं मालकाच्या हातात आहे, आणि त्याची किंमत फरशीच्या बिलात कुठेच दिसणार नाही.

दर हा दुसरा दुखरा भाग. काम रनिंग फुटावर ठरतं. सरळ कड, गोलाई, पंचेचाळीस, सगळ्यांचा भाव बोलणी करताना एकमेकांत मिसळून जातो, आणि भाव पाडला की मिस्त्रीकडे कापायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वेळ. मग खाचेची पहिली फेरी जाते, पॅडचे मधले नंबर जातात, बाटली धरणारा पोरगा जातो. अंदाजपत्रकात पंचेचाळीसचा दर वेगळा लिहावा, आणि ओला काप, एन-९५ मास्क हेही त्याच कागदावर लिहावेत. मिस्त्रीची नोंदणी इमारत बांधकाम कामगार मंडळात आहे का, हे विचारावं. १९९६च्या कायद्यानं हे मंडळ आलं, त्यासाठी बांधकामखर्चावर एक टक्का उपकर आकारला जातो, आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला नोंदणीला लागतो. तो दाखला मागायला तो दारात आला तर हातचं काम टाकून त्याला मदत करावी. महिनोन् महिने आपल्या घरात राबलेल्या माणसाचं एवढं देणं आपल्याकडे लागतं.

आणि काम संपल्यावर उरलेले तुकडे भंगारात टाकू नयेत. पाच-सात वर्षांनी कधीतरी धारेचा टवका उडतोच. तोच दगड तेव्हा बाजारात मिळत नाही, कारण खाणीचा थर बदलला की रंग बदलतो. जपून ठेवलेल्या तुकड्याची भुकटी एपॉक्सीत कालवून खड्डा भरायचा, किंचित उंच भरायचा, कारण घासताना तो खाली जातो. एक दिवस सुकू द्यायचा, मग ४००च्या पॅडपासून वर चढायचं, पाणी सोडत. मोठा तुकडा गेला असेल तर त्याच फरशीच्या उरलेल्या पट्टीतून छोटा तुकडा कापून रेघ जुळवून बसवतात. असं डागडुजीचं काम घेणारे मिस्त्री थोडे, कारण त्यात फूट मोजता येत नाहीत. ज्यानं मूळ जोड केला त्याचा नंबर जपून ठेवावा आणि त्यालाच बोलवावं. त्या कोपऱ्यात मागे कुठे पोकळी आहे आणि पट्टी कुठे चिकटवली आहे, हे त्यालाच माहीत असतं.